हाताला काही लागता कामा नये

१२ फेब्रुवारी

प्रिय मेहुणेबुवा,

फोन सोडून पत्र का, असं पाकीट बघूनच म्हणाल. फोन बैठकीच्या खोलीत आहे आणि तुमच्या ताईचे कान तुमच्यासारखेच तिखट आहेत, म्हणून.

मला गाडी रंगवायची आहे. घरीच, मागच्या शेडमध्ये, माझ्या या हातांनी. हसा, मी थांबतो.

झालं? आता ऐका. छापखान्यातून निवृत्त झाल्यापासून चुका काढायला मला फक्त स्वयंपाकघर उरलं होतं आणि तिथून मला बाहेर काढण्यात आलं आहे. वेळच वेळ आहे. गाडीची अवस्था तुम्ही पाहिलीच आहे. छपरावरचा हिरवा रंग पांढुरका पडलाय, बॉनेटचे पापुद्रे निघतात. पोच्यांचं तर बोलायलाच नको. बाळंतपणं करत घरोघर फिरली बाई, आणि बहुधा प्रत्येक बाळामागे गाडीला एक पोचा पाडून आली. मी शेजारच्या सीटवर जीव मुठीत धरून बसायचो. चालवायला मला काही तिने शिकवलं नाही. म्हणायची, तुम्ही वाटेतल्या पाट्यांवरच्या चुका वाचत बसाल.

रोज संध्याकाळी ती शेडमध्ये जाते. गाडीभोवती सावकाश फिरते आणि डोळे मिटून पत्र्यावरनं हात फिरवते. बघवत नाही. परवा म्हणाली, "हिला एकदा नीट बघून घ्यायचंय." मी समजायचं ते समजलो. नवी आणली तेव्हा कशी आरशासारखी होती, तशी करून तिच्यासमोर उभी करायची आहे. मे संपायच्या आत.

काय काय लागेल आणि लवकरात लवकर कसं होईल, ते कळवा. तिला रंगाचा वास येईलच, पण पुरी झाल्याशिवाय दाखवणार नाही.

तुमचा,
दाजी


२० फेब्रुवारी

दाजी, नमस्कार.

तुमचं पत्र वर्कशॉपमध्ये मोठ्याने वाचलं. सांगितल्याप्रमाणे सगळे हसले. माझा मिस्त्री म्हणतो, दाजींना म्हणावं गाडी इकडे पाठवा आणि तुम्ही आमच्या पाट्या तपासायला या, अदलाबदल.

आता मी हसत नाही. मी शाळेत फार टिकलो नाही हे तुम्हाला ठाऊक आहे. दुसऱ्यांच्या गाड्यांखाली पडून गंज खरवडत मोठा झालो. खाली पडलेल्या माणसाला गिऱ्हाइकाचं तोंड दिसत नाही, फक्त आवाज येतो. त्या आवाजावरनं मी सांगायचो, हा रंगवून ठेवणार आणि हा रंगवून विकणार. विकणारा नेहमी घाईत असतो.

तुम्ही घाईत आहात. ताईची गाडी विकताय का?

आणखी एक. तुमच्या पत्राच्या कडेला ताईच्या दोन तिरक्या ओळी असतात. "डागोबा, खोकला कसाय? यांचं सगळं खरं मानू नकोस." हे पत्र तिच्यापासून लपवून लिहिलंय, मान्य. पण मागच्या पत्राला तरी कुठे होत्या? त्याच्या मागच्याला? मी आपला कडा उलटूनपालटून बघतोय. भांडलात का? की ती माझ्यावर रुसलीय?

खरं काय ते कळवा. तोवर मी डब्याचं झाकण उघडणार नाही.

तुमचा,
डागोबा


१ मार्च

प्रिय मेहुणेबुवा,

हे पत्र वाचून झालं की फाडून टाका. तिने मला शपथ घातली होती, ती मी आज मोडतोय.

गाडी विकत नाही. तुमच्या ताईचे डोळे चाललेत. डोळ्यामागची शीर वाळत चालली आहे म्हणतात. थेंब झाले, गोळ्या झाल्या, दुसऱ्या डॉक्टरांकडे झालं, मग तिसऱ्यांकडे. सगळे तेच बोलतात, फक्त खुर्च्या वेगळ्या. कडेकडेने अंधार येतो, मग मधलंही जातं. आत्ता तिला नळीतून बघितल्यासारखं दिसतं. माझं तोंड दिसतं तर कान दिसत नाहीत. ती म्हणते, फार काही बिघडलं नाही, कान तसेही बघण्यासारखे नव्हते.

वाचता-लिहिता येत नाही, म्हणून कडेच्या ओळी बंद झाल्या. तुमची पत्रं मीच तिला वाचून दाखवतो. गाडीबद्दलचं हे एक सोडून.

तुम्हाला का नाही कळवलं? तिचेच शब्द लिहितो. "डागोबा हातातलं सगळं टाकून धावत येईल आणि माझ्यासमोर बसून रडेल. मला त्याचं शेवटचं तोंड तसलं बघायचं नाही." म्हणून पाया पडतो, येऊ नका.

डॉक्टर म्हणाले, उन्हाळ्यापर्यंत. मी दुसरं काय करू शकतो, सांगा. आयुष्यभर दुसऱ्यांच्या मजकुरातली काना-मात्रा नीट केली, इथे तर अख्खं पानच काळं होत चाललंय. ते संपूर्ण काळं व्हायच्या आत तिने एकदा तो हिरवा रंग बघावा आणि त्यात तिला स्वतःचं तोंड दिसावं, एवढंच मनात आहे.

दाजी


९ मार्च

दाजी,

आठवडाभर मला लिहिता आलं नाही. वर्कशॉपमध्ये सांगितलं, डोळ्यात थिनर गेलंय. कामगारांनी विश्वास ठेवल्यासारखं केलं.

येत नाही. ताईच्या शब्दापुढे माझं काय चालणार? पण गाडी अशी झाली पाहिजे की तिला नळीतूनसुद्धा लखलखीत दिसेल. रंगाचे डबे, वरून मारायचं चकचकीत लॅकर, छोटा कॉम्प्रेसर आणि रंग फवारायची गन ट्रान्सपोर्टने पाठवतोय. रंगाची छटा तीच आहे. त्या गाडीच्या पेट्रोलच्या झाकणाआड ऊन लागलेलं नाही, तिथला रंग मला पाठ आहे.

आता नीट ऐका. लोकांना वाटतं चमक वरच्या लॅकरने येते. चमक खालून येते. पत्र्यावर जे काही असेल, पोचा, चरा, खडा, ते सगळं रंगातून वर बोलतं. म्हणून आधी घासायचं. मग खड्ड्यात पुट्टी भरायची, वाळली की ठोकळ्यावर पॉलिश पेपर गुंडाळून परत घासायचं, परत भरायची, परत घासायचं.

आणि आमच्या धंद्यातली खरी गोष्ट सांगतो. डोळ्यावर भरवसा ठेवू नका. डोळा माफ करतो. डोळे मिटा, तळहाताखाली पातळ फडकं घ्या आणि पत्र्यावरनं सावकाश हात फिरवा. जे तुम्हाला दिसलं नाही ते हाताला लागेल. जिथे लागेल तिथे परत घासा. छपरापासून चाकापर्यंत हाताला काही म्हणजे काही लागता कामा नये.

मगच प्रायमर, मग रंगाचे पातळ हात, मग लॅकर. काचांना कागद चिकटवा, खाली पाणी शिंपडा म्हणजे धूळ उडणार नाही. नाकाला मास्क लावल्याशिवाय गनला हात लावू नका, नाहीतर माझ्यासारखे खोकत बसाल. शेवटी छापील पान गाडीजवळ धरा. पत्र्यातली उलटी अक्षरं वाचता आली की काम झालं. उलटी अक्षरं वाचायची सवय तुम्हाला आहेच.

डागोबा


४ एप्रिल

प्रिय मेहुणेबुवा,

माझे हात बघाल तर तुम्ही मला कामावर ठेवाल. बोटांचे ठसे गेलेत, आता चोरी करायला हरकत नाही.

सगळं घासलं. अगदी तुम्ही सांगितलंत तसं, डोळे मिटून. सुरुवातीला काही कळेना, मग हळूहळू हाताला डोळे फुटले म्हणा ना. मला न दिसलेले किती बारीक बारीक खळगे होते त्या पत्र्यावर! एकेक भरला. एक लांब चरा तर उजव्या बाजूने पुढच्या दारापासून मागच्या दिव्यापर्यंत गेला होता, सरळ, कुणीतरी मुद्दाम ओढल्यासारखा. त्याने दमवलं मला. पण गेला. प्रायमर मारला तेव्हा गाडी अंड्यासारखी दिसत होती. काचांवर जुनी मुद्रितं चिकटवलीत. माझ्याच लाल खुणा आत बसून माझ्याकडे बघतात.

ती शेडच्या दाराशी येऊन उभी राहते. "अहो, एकदा आत सोडा ना. एकदाच हात लावून येते." मी म्हणतो, ओलं आहे. "कुठेतरी कोरडं असेल की." मी म्हटलं, आता पूर्ण झाल्यावरच. मग तिथेच स्टूल टाकून बसते आणि माझ्या घासण्याचा आवाज ऐकते. मागे घासत होतो तेव्हा एकदा विचारलं, "आत्ता कुठलं दार घासताय?" मी म्हटलं, डावीकडचं मागचं. तशी उठून आत गेली. वासाने डोकं धरलं असेल.

आता वाईट बातमी. रंग छान बसला, पण लॅकर मारलं आणि सकाळी बघतो तो सगळ्या अंगावर पांढरी झाक. धुरकट. काय चुकलं? डॉक्टरांनी परवाच दिवा दाखवून विचारलं, किती दिसतो? ती म्हणाली, बटणाएवढा.

दाजी


१२ एप्रिल

दाजी,

दमट हवेत लॅकर मारलंत. आतला ओलावा तसाच राहिला, त्याची ती झाक. बारीक पेपरने पाणी मारत घासा, कोरडं ऊन असेल त्या दिवशी परत मारा. आणि मग थांबा. पूर्ण कडक झाल्याशिवाय कंपाउंडच्या पेस्टने पॉलिश केलंत तर आठवड्यात चमक मरेल.

थांबा, असं लिहिताना माझाच हात थांबतोय. थांबायला तिच्याकडे काय आहे? पण दाजी, रंगाला आपण कोण आहोत ते ठाऊक नसतं. तो त्याच्या वेळेनेच वाळतो.

डागोबा


२१ मे

प्रिय मेहुणेबुवा,

गाडी झाली. पान धरलं आणि अक्षरं वाचली, पत्र्यात अनुस्वारसुद्धा दिसतो. शेजारचे निवृत्त तपासनीस येऊन केस विंचरून गेले.

तिला दिसली नाही.

मागच्या आठवड्यात सकाळी उठली आणि म्हणाली, "दिवा लावा ना." खिडकीतून ऊन तिच्या तोंडावर पडलं होतं. मी उठलो आणि दिवा लावला. दुसरं काय करणार होतो? तिने बटणाचा आवाज ऐकला आणि म्हणाली, "बरं, बंद करा आता. वीज कशाला जाळायची."

पॉलिशचा शेवटचा हात राहिला होता. चार दिवस तर हवे होते मला. तरीही तो पूर्ण केला, अर्धवट ठेवून काय मिळणार होतं? काल तिचा हात धरून शेडमध्ये नेलं. तिने दोन्ही तळवे बॉनेटवर ठेवले. मग एकटीच गाडीभोवती फिरली, सगळ्या बाजूंनी, सावकाश. डाव्या मागच्या दारापाशी बराच वेळ थांबली. खाली वाकून चाकाजवळपर्यंत हात फिरवला. मग उजवीकडून परत आली. शेवटी म्हणाली, "छान झालीय हो. हाताला कुठे काही लागतच नाही."

मेहुणेबुवा, तुमचेच शब्द! तुमचं ते पत्र तिला कधी वाचून दाखवलेलं नाही, तरी तिच्या तोंडून तेच निघालं. मला भरून आलं. डोळ्यांना नाही तर नाही, निदान हातांना तरी मिळालं.

आता आतलं घ्यायचं म्हणतो. सीटची कव्हरं जीर्ण झालीत. स्टिअरिंगवर तिच्या बोटांच्या खाचा पडल्यात आणि गिअरच्या दांड्याची मूठ एका बाजूने झिजलीय. तेही गुळगुळीत केलं म्हणजे गाडी पूर्ण होईल. कसं करायचं ते कळवा.

दाजी


२३ मे

डागोबा,

पट्टी धरून लिहितेय. ओळीवर ओळ चढली असेल तर भिंगाने सोडव. हे दुपारचे झोपलेत. पत्र शेजारीणबाई पेटीत टाकणार आहेत, त्या चौकस नाहीत.

तुला सगळं कळलंय हे मला माहीत आहे. मार्चपासून तुझी जी पत्रं हे वाचून दाखवतात, त्यांत एकही विनोद नाही. मी नुसती ऐकते, म्हणून तर जास्त कळतं. रडून झालं असेल तर पुढे वाच.

माझी गाडी गेली रे.

डोळे जाणार हे पक्कं झालं तेव्हा मी ठरवलं, ही पाठ करून ठेवायची. रोज संध्याकाळी डोळे मिटून हात फिरवायचे. डाव्या मागच्या दाराचा खोल पोचा म्हणजे ते फाटक. आतून बाई ओरडत होती आणि मी मागे न बघता गाडी मागे घेतली. मूल पायाळू होतं, जगलं. छपरावरचा बारीक खळगा, गारांचा. त्या गारांत मी गाडीतच एक बाळंतपण केलंय. अशी एकेक खूण होती. पुढे अंधारात तिथे जाऊन बसायचं, हात ठेवायचा, की ते घर आणि ती माणसं येतील. माझ्या म्हातारपणाची सोय होती ती.

उजवीकडचा तो लांब चरा कुणाला सांगितला नव्हता. तिथे बाई गेली. मी पोचायच्या आधीच गेली होती, पण तिचा नवरा बाहेर आला आणि हातातल्या किल्लीने त्याने गाडीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत ओढलं. मी काचेतून बघत राहिले. ओढू दिलं. ती एकच बाई अशी, जिचं मला काहीच करता आलं नाही. तिची ती एवढीच खूण माझ्याजवळ होती.

शेडबाहेर बसून मी त्यांचं घासणं ऐकत होते. कुठलं दार, विचारलं. ते म्हणाले, आणि संपलं ते दार. ओरडले असते तर थांबले असते. पण किती आनंदात घासत होते ते, गुणगुणत होते रे. आणि तोवर निम्मी गाडी गेलीच होती.

त्या दिवशी फिरवली मला तिच्याभोवती. आरशाला हात लागला तेव्हा कळलं, पुढे आले. कुणाच्यातरी दुकानातली गाडी वाटली. मी म्हटलं, छान झालीय. दुसरं काय म्हणू?

त्यांना यातलं काही कळता कामा नये. ते मोडतील. मला उत्तरही लिहू नकोस, पत्रं तेच उघडतात. फक्त एक कर. आतलं वाचव. स्टिअरिंगवर माझी बोटं अजून बसतात.

ताई


३० मे

दाजी, नमस्कार. हे पत्र ताईला जरूर वाचून दाखवा. गाडीच्या कामाचं आता काय लपवायचं!

आधी महत्त्वाचं. आतल्या भागाला अजिबात हात लावायचा नाही. स्टिअरिंग, गिअरची मूठ, सीट, काही नाही. आतलं घासलं की बारीक भुकटी उडते, ती ताज्या लॅकरवर बसते आणि चमक कायमची जाते. हा आमच्या धंद्यातला पक्का नियम आहे. कुणी दुसरं सांगितलं तर तो रंगारी नव्हे.

आता मला कामाची तपासणी करू द्या. इथून दिसत नाही, म्हणून विचारतो. डाव्या मागच्या दाराला मुठीएवढा पोचा होता, वरून रुंद आणि खाली निमुळता, फाटकाच्या खांबाचा. तो नीट भरलात? बॉनेटच्या मधोमध एक पसरट होता. जुळी झाली ऐकून त्या बापाने आनंदाने दोन्ही मुठी आपटल्या होत्या, एक मुलासाठी आणि एक मुलीसाठी; म्हणजे तिथे शेजारी शेजारी दोन असायला हवेत, बोट फिरवलं की मधे उंचवटा लागतो. डिकीवरचा माझा. मी तिथे बसून पेरू खाल्ला होता आणि ताईने मला "हत्ती" म्हणून वर्षभर छळलं. तो उजव्या कोपऱ्याकडे, बशीसारखा उथळ. छपरावर गारांचे होते, पुढच्या काचेच्या वर, बाजरी सांडल्यासारखे.

मला आठवतात ते एवढेच. सगळे गेले असतील तर तुमचं काम उत्तम आहे, दाजी. असं काम माझ्या मिस्त्रीलाही जमलं नसतं.

डागोबा


६ जून

प्रिय मेहुणेबुवा,

तुमचं पत्र आज मिळालं. आतल्या कामाची मनाई जरा उशिरा पोचली. उरलेला बारीक पेपर हाताशी होता, म्हणून गेल्या रविवारीच स्टिअरिंग आणि मूठ घासून पॉलिश करून टाकली, सीटलाही नवी कव्हरं चढवली. पण काळजी नको, भुकटी कुठेही बसलेली नाही, चमक जशीच्या तशी आहे. तुमचा नियम इथे लागू पडला नाही एवढं खरं.

पत्र तिला वाचून दाखवलं. आतलं काम झालंय हेही सांगितलं, तेव्हा हात मांडीवर ठेवून बसून राहिली. पोच्यांपाशी आलो तेव्हा म्हणाली, "ते परत वाचा." परत वाचलं. "सावकाश वाचा हो." तिसऱ्यांदा वाचलं तेव्हा तिची बोटं टेबलावर फिरत होती. जुळ्यांपाशी दोन बोटं शेजारी शेजारी ठेवली, हत्तीपाशी हसलीसुद्धा. कामाचं कौतुक ऐकायला तिलाही बरं वाटलं असणार.

मग विचारलं, "उजव्या बाजूचं काही नाही लिहिलं त्याने?"

मी म्हटलं, नाही, एवढेच आठवले म्हणतो. "बरं," म्हणाली आणि आत गेली. हल्ली शेडमध्ये जात नाही.

मला मात्र तपासणी अर्धवट राहिलेली आवडत नाही. उजव्या बाजूला तो लांब चरा होता ना, तुम्हाला कळवला होता, त्याच्यावरनं आज डोळे मिटून पुन्हा हात फिरवून आलो. काही म्हणजे काही लागत नाही. आणखी कुठला पोचा आठवला तर जरूर कळवा, तोही बघून सांगतो.

तुमचा,
दाजी